बाबा, माझी पिग्मी सुरू करा

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरही सांगता आलं असतं. पण बाबा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, आई मागून "जेवलीस काय?" विचारते, आणि जे सांगायला फोन केलेला असतो ते गिळून मी "होय की" म्हणते. असं तीनदा झालं. म्हणून पत्र.

आधी वाईट ते सांगून टाकते. २०२४ च्या जानेवारीत तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा विमा कंपनीनं क्लेम नाकारला, काहीतरी खुसपट काढलं, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही बेळगावात नाथ पै चौकात चार माणसांत कंपन्यांना शिव्या घातल्यात. बाबा, कंपनीची काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं.

तुमच्या दोघांची मेडिक्लेम मी २०१९ साली घेतली. हप्ता दर वर्षी ११ मार्चला. २०२२ साली तो भरलाच नाही. पुढे ३० दिवसांची सवलत असते, तीही गेली. जूनमध्ये लक्षात आलं तोवर पॉलिसी बंद. जुलैत घाबरून नवी घेतली, पण नव्या पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षं थांबावं लागतं, आणि बाबांच्या साखरेची मुदतही पुन्हा पहिल्यापासून सुरू. जुनी चालू राहिली असती तर ऑपरेशनचा खर्च मिळाला असता.

पैसे नव्हते म्हणावं तर तसंही नाही. खात्यात होते. मेसेजही सहा आले. पहिला आला तेव्हा मी बसमध्ये उभी होते, घरी जाऊन भरू म्हटलं. घरी गेले तेव्हा मेसेज फोनमध्ये होता, पण माझ्या डोक्यातून पुसला गेला होता. पुढच्या मेसेजांच्या वेळी भीती वाटायला लागली होती, म्हणून उघडलेच नाहीत. हे वाचून तुम्हाला राग येईल. कारण घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय: "लक्षात कसं राहत नाही? सिनेमाची गाणी बरी राहतात!"

गेल्या दिवाळीत मी माळ्यावरच्या ट्रंकेतून माझी प्रगतिपुस्तकं काढून घेतली, आठवतं? मैत्रिणींना दाखवायचीत म्हणाले होते. ती डॉक्टरांना हवी होती. इथं मी एका मानसोपचार डॉक्टरांकडे जाते. (आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. आपल्याकडे "धारवाडला न्या हिला" म्हटलं की वेड्यांचं इस्पितळ असाच अर्थ होतो, ते मला माहीत आहे. तसलं काही नाही.) मला एडीएचडी आहे, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. मोठ्या माणसांत हे ठरवताना लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का, ते बघावं लागतं. म्हणून प्रगतिपुस्तकं. दुसरीत बाईंनी लिहिलंय, "हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते." तिसरीत, "वह्या अपूर्ण." चौथीत पुन्हा, "हुशार, पण..." डॉक्टर वाचून हसले. म्हणाले, निदान तुमच्या बाईंनी आधीच करून ठेवलंय. धावपळ करणारी, बाकावरून उड्या मारणारी पोरं लगेच दिसतात. खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून ती तशीच राहून जाते. मी पस्तिशीला आले.

नावात लक्ष कमी असं म्हटलंय, पण लक्ष कमी नाही. ते कुठं लागावं हे माझ्या हातात नाही. आणि वेळ कळत नाही. घड्याळ कळतं, वेळ कळत नाही. ११ मार्च मला १० तारखेच्या रात्रीपर्यंत दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा १२ उजाडलेला असतो. जे समोर नाही, ज्याचं फळ आज मिळणार नाही, त्याला हे डोकं जागचं हलत नाही. आणि पैशाची सगळी शहाणी कामं नेमकी तसलीच. हप्ता, व्याज, ३१ जुलैचं रिटर्न... रिटर्न दोनदा उशिरा भरून पाच-पाच हजार दंड दिलाय. उलट आज मनात आलं ते आजच घरात. वॉटरकलरचा संच, गिटार, कपड्यांना बीडिंग करायचं मशीन. मशीनचं खोकंसुद्धा फोडलेलं नाही.

ऑपरेशनचे ४२,००० मी क्रेडिट कार्डावर घातले. कार्डवाले दर महिन्याला "किमान रक्कम" नावाची एक गोड ओळ छापतात. पाच टक्के, म्हणजे २,१००. ती भरली की दंड लागत नाही, म्हणून मला वाटायचं आपण भरतोय. त्यातले सतराशेच्या वर व्याजात आणि व्याजावरच्या करात जायचे. महिन्याला साडेतीन टक्के. बाबा, तुम्ही चाळीस वर्षं व्याज मांडलंत, तुम्हाला समजावणारी मी कोण. मुद्दलातले तीन-साडेतीनशे कमी व्हायचे. शिवाय मागचं थकलेलं असलं की नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. मागच्या महिन्यात मी ते सगळं एकदम फेडलं, एफडी मोडून. तेवढं तरी झालं.

आता औषध चालू आहे, मिथाइलफेनिडेट. त्यानं हिशेब येत नाही. हिशेब करायला बसलं की उठून पडदे धुवायला जावंसं वाटत नाही, एवढंच. बाकीचं मला बाहेरून बांधून घ्यावं लागलं. पगार १ तारखेला होतो. २ तारखेला भाडं, वीज, तुमच्या मेडिक्लेमचा बारावा भाग हे सगळं आपोआप एका वेगळ्या खात्यात जातं. त्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही, म्हणजे मनात आलं तरी हात पोचत नाही. खर्चाच्या खात्यात दर सोमवारी ३,५०० येतात. गुरुवारी संपले तर शुक्रवारी पिठलं. कार्डाचं पूर्ण बिल आपोआप कापलं जातं, किमान रक्कम हा पर्याय मी काढूनच टाकला. खरेदीच्या अॅपमध्ये कार्डाचा नंबर साठवलेला नाही. सोळा आकडे शोधून टाइप करायचे म्हटलं की निम्म्या गोष्टी नको वाटतात. आणि शनिवारी सकाळी एक मैत्रीण येते. ती तिचं काम करते, मी माझी बिलं बघते. ती काही बोलत नाही. कुणीतरी शेजारी बसलं की मी बसते. का ते विचारू नका, बसते.

हे सगळं मांडून झालं आणि एका रात्री मला हसू आलं. बाबा, हे तर तुम्ही करत होता.

सुट्टीत तुम्ही पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करायला निघालात की मला लूनावर पुढं उभी करून फिरवायचात. शहापूरचा खडे बाजार, तिथून वडगावातले मागवाले, म्हणजे विणकर, रविवारी खासबागच्या बाजारात भाजीवाल्या. खांद्याला रेक्झिनची पिशवी, त्यात पावतीपुस्तक, कार्डांवर मथळे कानडीत आणि आकडे तुमच्या हातचे मराठीत. उडुपीच्या बँकेनं १९२८ साली रोज दोन आणे गोळा करायला सुरुवात केली ती गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत, की ती आपल्या घराण्याची आहे असं मला वाटायचं. मागवाल्यांना महिन्याला सहाशे भरा म्हटलं असतं तर कुणी भरले नसते. पण रोज दारात माणूस येतो, वीस रुपये घेतो, तिथल्या तिथं कार्डावर लिहितो. लक्षात ठेवायचं काम त्यांचं नव्हतंच. ते तुमचं होतं.

आणि एक आठवतं. एका मागवाल्यानं चार दिवस पैसे दिले नव्हते. पाचव्या दिवशी तुम्हाला बघून तो मागच्या दारानं निघाला. तुम्ही हाक मारलीत, "अण्णा, आजचे वीस द्या. मागचं असू दे की." लूनावर बसल्यावर मी विचारलं, ऐंशी का नाही मागितलेत? तुम्ही म्हणालात, "मागचं मागितलं की माणूस तोंड चुकवतो. मग आजचंही जातं."

बाबा, सहा मेसेज न उघडणारी मी म्हणजे मागच्या दारानं जाणारा तो मागवाला. मला आयुष्यभर सगळे मागचे ऐंशी मागत आले, आणि त्यांत पहिली मीच.

म्हणून एक मागणं आहे. रोज रात्री साडेआठला, तुमच्या बातम्या सुटल्या की, मला एक फोन करा. मी २०० रुपये तुमच्या खात्यात पाठवीन, फोन चालू असतानाच. तुम्ही कार्डावर लिहा. जुनी कोरी कार्डं तुम्ही टाकली नसणार, हे मला ठाऊक आहे. वर्षाचे ७३,००० होतात. वरची मेडिक्लेमची सोय मोडली तर हे आहेत, आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ना कधी करायचंच आहे. एखाद्या दिवशी राहिलं, तर दुसऱ्या दिवशी चारशे मागू नका. दोनशेच मागा. आणि "कशी गं विसरतीस?" एवढं मात्र विचारू नका. ते मला खरंच माहीत नाही.

आई, डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का? हे बरंचसं रक्तातून येतं म्हणे. मी म्हटलं, माझी आई दूध गॅसवर ठेवून शेजारी कढीपत्ता आणायला जाते आणि लग्नाची गोष्ट ऐकून येते. ते म्हणाले, एवढ्यावरून सांगता येत नाही. मी इरकल साडीचं सांगितलं नाही. घडीत ठेवलेल्या पाचशेच्या सात नोटा तुला २०१७ च्या फेब्रुवारीत सापडल्या, बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबरला संपून गेल्यावर. तू आठवडाभर हसत होतीस, आणि एकदा मोरीत रडलेलंही मी ऐकलं होतं. तेव्हा काही बोलले नाही. आता बोलते. मलाही तसंच रडू येतं.

शेजारी कुणाला सांगायचं की नाही ते तू ठरव. गणपतीला येते. तिकीट काढलंय, आणि ते कुठं ठेवलंय ते मैत्रिणीला माहीत आहे.

तुमची लेक

ता. क. आई, साड्यांच्या घड्या एकदा झटकून बघ. दोन हजारची एखादी सापडली तर चुलीत घालू नकोस. ती अजून रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात चालते, आणि त्यासाठी बेंगळुरूला जायला नको. पोस्टानं पाठवली तर खात्यात जमा होते. फॉर्म मी भरते. म्हणजे, शनिवारी, मैत्रीण आल्यावर.