विहाराच्या वाटेवर तो शिपाई का नव्हता?

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या चातुर्मासाच्या सांगतेला, आमच्या वस्त्रत्यागी दिगंबर जैन मुनीमहाराजांसमोर उभे राहून, 'विहाराच्या', म्हणजे मुनींच्या पायी प्रवासाच्या, 'प्रत्येक टप्प्यावर पोलीस बंदोबस्त राहील' असा शब्द शासनाच्या वतीने देण्यात आला होता. मंडपात बसून त्या शब्दावर मीही टाळ्या वाजवल्या होत्या. परवा सकाळी समडोळीहून सांगलीकडे निघालेल्या मुनिसंघासोबत आम्ही अकरा श्रावक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, होतो. पोलीस एकही नव्हता.

दोन मोटारसायकलींवरून आलेले चार तरुण मोबाईल रोखून महाराजांभोवती घिरट्या घालू लागले. ते जे बोलत होते ते या पत्रात लिहिता येणार नाही. मी कॅमेऱ्यापुढे हात धरला, तेव्हा मला ढकलून देण्यात आले आणि उजवे मनगट मोडले. महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ते रस्त्याच्या कडेला थांबले आणि पायाशी मुंग्यांची रांग होती, ती पुरती निघून जाईपर्यंत मोरपिसांची पिच्छी हातात धरून तसेच उभे राहिले. ती चित्रफीत संध्याकाळपर्यंत एका गलिच्छ गाण्यासह गावभर फिरली आणि दहावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवण्यात आली. माझा हात गळ्यात बांधलेला असल्याने हे पत्र तीच लिहून घेत आहे.

पोलीस ठाण्यात चार तास बसवून ठेवल्यावर मला सांगण्यात आले की, महाराजांना गाडीतून न्या, नाहीतर शहरापुरते एखादे वस्त्र गुंडाळायला सांगा. उद्या कोणी भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली अश्लील वर्तनाची तक्रार दिली तर आमची पंचाईत होईल. तक्रार द्यायला गेलेला मी, आणि आरोपी ठरत होते महाराज!

महोदय, वस्त्रत्याग म्हणजे आचेलक्य हा दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांपैकी, म्हणजे मुनींनी पाळायच्या मूळ नियमांपैकी, एक आहे. वस्त्र ठेवले की ते धुणे आले, जपणे आले, फाटले की दुसरे मागणे आले. म्हणून ते सुटते. वाहन तर वर्ज्यच आहे. शहरापुरते वस्त्र गुंडाळा असे सांगणे म्हणजे शहरापुरती दीक्षा मोडा असे सांगणे आहे. ज्या समडोळीहून आम्ही निघालो, तिथेच 1924 साली शांतिसागर महाराजांना आचार्यपद मिळाले आणि पुढे ते इंग्रजी अमलात दिल्लीपर्यंत पायी गेले. विरोध तेव्हाही झाला, हे मी नाकारत नाही. पण माझी आजी सांगायची की, 'त्यागी आले' एवढे ऐकू आले की आळीतली माणसे, कोणत्याही जातीची असोत, उठून उभी राहत आणि पोरांना हात जोडायला लावत. त्यांची नजर महाराजांच्या चेहऱ्याकडे जात होती. आज मोबाईलचा रोख थेट कमरेखाली असतो. श्रवणबेळगोळला 57 फूट उंचीच्या दिगंबर बाहुबलींच्या पायाशी 'श्री चावुण्डराजे करवियलें' असे कोरले आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत ज्याची गणना होते, तो लेख एका नग्न मूर्तीच्या चरणांशी आहे, आणि त्याच मराठीत परवा आमच्या महाराजांना शिव्या दिल्या गेल्या.

नाशिकच्या सिंहस्थात नागा साधूंच्या स्नानासाठी शासन घाट बांधते, रस्ते रुंद करते, हजारोंचा बंदोबस्त लावते, आणि ते योग्यच आहे. मग कुंभातली नग्नता श्रद्धा आणि समडोळीच्या रस्त्यावरची नग्नता कलम 296, हा न्याय कोणत्या राज्यघटनेतला? निवडणुकीच्या वर्षी सर्वच पक्षांचे पुढारी याच मुनींच्या चरणी वाकून छायाचित्रे काढून घेतात. त्या वेळी कोणालाही वस्त्राची आठवण होत नाही. गर्दी असेल तिथे कायदा हात जोडतो आणि अकरा माणसे असतील तिथे डोळे वटारतो, हेच मला चार तास त्या बाकावर बसून समजले.

माझी तक्रार नोंदवून घ्यावी आणि ती चित्रफीत काढून टाकायला लावावी. येत्या रविवारी सूर्योदयानंतर संघ कुंभोजच्या बाहुबली तीर्थक्षेत्राकडे निघणार आहे आणि मी याच हाताने सोबत चालणार आहे. शिपाई येणार आहे की नाही, एवढे शनिवारपर्यंत कळवावे.

आपला,
एक श्रावक, सांगली