पिंजऱ्यातल्या बकरीकडेही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावालगतच्या नाल्यात बिबट्यासाठी पिंजरा लागला. सावज म्हणून माझी कबरी नावाची बकरी मी स्वतः दिली. शेजारच्या गोठ्यातून दोन बोकड गेले होते आणि आमची लेकरं अंगणात झोपतात. दिल्याचं दुःख नाही. पण पिंजरा लावणारे संध्याकाळी गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी उगवले. आत ना पाणी, ना पाला. वर टाकलेल्या पळसाच्या फांद्या उन्हानं करपून गेलेल्या. कबरी घरी आली तेव्हा कास दगडासारखी टणक झाली होती. वीस दिवसांची पिल्लं ढुशा देत होती आणि ती लाथा झाडत होती. दुभती बकरी सावजाला देऊ नये, हे मला कोणी सांगितलं नाही.

बकरी मागच्या खणात, मधे जाळी, पुढच्या पाटीवर बिबट्याचा पाय पडला की दार खाली. हे सारं बकरीच्या ओरडण्यावर चालतं. घसा सुकलेली बकरी ओरडत नाही. कबरी मध्यरात्रीनंतर गप्पच होती, आमच्या घरापर्यंत आवाज येईना. जाळीही अशी की पंजा आरपार जाईल. बिबट्या काही आला नाही.

१९७२च्या वन्यजीव कायद्यात आमिष दाखवणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. बिबट्या धरायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा कारणांसह लेखी आदेश लागतो. मग त्याच कागदावर सावजाला पाणी कोण देणार, पिंजरा सकाळ-संध्याकाळ कोण बघणार, बकरी दगावली तर मालकाला काय मिळणार, हेही लिहा ना.

गावातल्या भावांनाही हात जोडून सांगते, बिबट्यानं मारलेल्या वासरावर थिमेट, म्हणजे पिकाच्या किडीवरचं विष, टाकू नका. आमच्या शिवारात एकानं टाकलं होतं. बिबट्या फिरकलाच नाही. दोन कुत्री, एक कोल्हा आणि कावळे बांधावर पडले. ढोर मेलं तर हात न लावता पंचनामा होऊ द्या. गिधाडं गेली तीही मेलेल्या ढोरातल्या औषधानं. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधावर २००६ साली बंदी आली, तोवर आमच्याकडचं आभाळ रिकामं झालं होतं.

कबरीचं एक थान कायमचं आटलं. पुन्हा व्यायली की एका पिल्लाला बाटली लावावी लागेल.

– एक शेळीपालक महिला,
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर