टोळी निघण्याआधी रक्तदाब मोजा

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि बीड जिल्ह्यातल्या सोळा-सतरा वर्षांच्या गर्भवतींची तपासणी तिथेच तुटते. या वयात कटीच्या हाडांची वाढ पुरती झालेली नसते, त्यामुळे बाळ अडण्याचा धोका असतो. त्याहून फसवा रक्तदाब. विसाव्या आठवड्यानंतर तो १४०/९०च्या वर गेला तरी मुलीला बहुधा काहीच जाणवत नाही. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे सुरू झाले की झटके कधीही येऊ शकतात. मग झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट देऊन तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवावे लागते. फडाजवळच्या कोपीवरून, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवरून, ते कसे जमणार? हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर लोहाच्या रोज दोन गोळ्या, चहापासून दोन तास लांब.

वय अठराखाली असल्याने पोलिसांना कळवले जाईल, या भीतीने या मुली नोंदणीच टाळतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केल्यास तिची ओळख पोलिसांना न सांगण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये डॉक्टरांना दिली. प्रसूतीसाठी येणारीलाही हे संरक्षण मिळालेच पाहिजे. तोवर आशाताईंनी माता-बाल संरक्षण कार्ड मुलीच्याच हाती द्यावे आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला फोन करून पुढच्या तपासणीची तारीख कळवावी.