साडेपाच इंच म्हणजे किती रुंद?

पुणे
१४ डिसेंबर २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आयफोन १३ मिनीची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरत नाही, नवा घ्यायचा तर सगळेच थोराड झालेत, आणि आता ॲपलचा घडीचा (फोल्डेबल) फोन २०२६ मध्ये येणार, त्याची बाहेरची स्क्रीन साडेपाच इंची असणार असं वाचून तू थांबायचं ठरवलंयस. मिनीची स्क्रीन ५.४ आणि ही ५.५, म्हणजे छोटा फोन परत आला, असा तुझा हिशेब. तो हिशेब चुकतोय, आणि चूक समजली नाही तर तू वर्षभर थांबून नको ती वस्तू घेशील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंचात सांगतात तो स्क्रीनचा कर्ण. त्यावरून रुंदी कळत नाही. जुन्या १६:९ प्रमाणातली (उंची १६ भाग तर रुंदी ९) ५.५ इंची स्क्रीन ६८.५ मिमी रुंद असते. तेवढंच क्षेत्रफळ २०:९ या उंच प्रमाणात बसवलं तर कर्ण ५.९ इंच होतो, पण रुंदी ६१ मिमीवर येते. आकडा वाढला आणि स्क्रीन सात मिलिमीटरनी अरुंद झाली! गेल्या सात-आठ वर्षांत इंच एवढे फुगलेले दिसतात त्यात या उंच प्रमाणाचा मोठा वाटा आहे. हातात मावणं ठरतं रुंदीवर, आणि जाहिरातीत ठळक छापतात तो कर्ण.

आता तुझा घडीचा फोन घे. मिंग-ची कुओ या विश्लेषकाने मार्च २०२५ मध्ये दिलेला अंदाज असा: आतली स्क्रीन ७.८ इंच, बाहेरची ५.५ इंच, बंद असताना जाडी ९ ते ९.५ मिमी. आतल्या स्क्रीनचं प्रमाण ४:३ च्या आसपास असेल अशीही बोलवा आहे. हे दोन्ही आकडे खरे धरू आणि कागदावर मांडू. ४:३ म्हटलं की शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. कर्ण ७.८, म्हणून लांब बाजू त्याच्या चार-पंचमांश, ६.२४ इंच, म्हणजे १५८ मिमी. आखूड बाजू तीन-पंचमांश, ४.६८ इंच, म्हणजे ११९ मिमी. मधोमध घडी घातली की १५८ चे ७९ होतात. त्यात कडेची चौकट धर, म्हणजे बंद फोन साधारण ८० मिमी रुंद आणि १२० मिमीपेक्षा थोडा उंच. घरातला पासपोर्ट काढून बघ, तो ८८ बाय १२५ मिमी असतो. त्या पुस्तिकेची रुंदी सात-आठ मिमीनी कमी केलीस की तुझा हा ‘छोटा’ फोन.

तुझा मिनी ६४.२ मिमी रुंद आहे. ज्या आयफोन १७ प्रो मॅक्सला तू फरशी म्हणतोस, तोही ७८. म्हणजे साडेपाच इंची म्हणवणारा हा फोन प्रो मॅक्सपेक्षा रुंद निघतो. याउलट सॅमसंगच्या झेड फोल्ड ७ ची बाहेरची स्क्रीन ६.५ इंच आहे, पण बंद असताना तो ७२.८ मिमीच रुंद आहे. एक इंच मोठी स्क्रीन आणि सात मिमी अरुंद फोन.

रुंदीपेक्षाही नेमकं माप हवं असेल तर दोरा घे. फोनच्या मध्यावर आडवा एक वेढा गुंडाळ आणि दोरा पट्टीवर मोज. मुठीला तोच घेर धरायचा असतो, त्यात रुंदी आणि जाडी दोन्ही आली. मिनीचा घेर १४४ मिमीच्या आसपास भरेल (कडा गोलसर असतील तर थोडा कमी). आयफोन १७ चा १५९, प्रो मॅक्सचा १७३ आणि अंदाजातल्या घडीच्या फोनचा १७९. कव्हर घातलं की प्रत्येकात आणखी आठ-दहा मिमी मिळव. पासपोर्टच्या आकाराचा एक फायदा मात्र आहे: उंची कमी असल्याने अंगठा वरच्या कडेपर्यंत सहज जातो. पण समोरच्या कडेपर्यंत जात नाही, आणि मागे जायचा स्वाइप बऱ्याच ॲपमध्ये डाव्या कडेवरून असतो. उजव्या हाताने एकहाती वापरणाऱ्याला तिथेच अडचण येणार. उघडल्यावर तो वाचायला उत्तम असेल, नकाशे आणि पीडीएफसाठी तर फारच. पण तुला एका हातात मावणारा फोन हवाय, आणि त्या कामाचा तो नाही.

हे सगळं कुओचे आकडे बरोबर धरून झालं. ते किती धरायचे, हाही प्रश्न आहेच. पुढच्या फोनच्या बातम्या एकाच तराजूत तोलू नयेत. ‘कंपनी अमुक आकार तपासून पाहते आहे’ ही बातमी खरी असली तरी तिला वजन नाही, कारण कंपन्या अनेक आकारांचे नमुने बनवतात आणि बहुतेक टाकून देतात. स्क्रीन-पॅनेल पुरवणाऱ्यांकडून आलेला आकडा जास्त भरवशाचा, कारण कारखान्यातली यंत्रांची ओळ त्या मापासाठी आधीपासून लावावी लागते आणि नंतर माप बदलणं महाग पडतं. त्यानंतर येतात कव्हर बनवणाऱ्यांकडची मापं. त्यांना पहिल्या दिवशी दुकानात माल हवा असतो म्हणून ते आधीच साचे पाडतात, आणि त्यांच्याकडून बाहेर आलेली लांबी-रुंदी पुष्कळदा मिलिमीटरपर्यंत जुळते.

पण तेही जुगारच खेळत असतात. २०११ मध्ये कव्हरवाल्यांनी पाठीला निमुळता उतार असलेल्या ‘आयफोन ५’ ची कव्हरं बनवून ठेवली होती. ऑक्टोबरात आला तो आयफोन ४एस, जुन्याच अंगाचा, ३.५ इंची. माल पडून राहिला. पुढच्या वर्षी उंच पुढच्या काचेचे सुटे भाग बाहेर आले, ते मात्र खरे ठरले, कारण सप्टेंबर २०१२ चा आयफोन ५ चार इंची निघाला. अंगाची रुंदी तीच, ५८.६ मिमी, फक्त उंची वाढवलेली. पहिल्या वर्षी आकाराचं चित्र होतं, दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष सुटा भाग. बातमी वाचताना एवढा फरक पाहायची सवय लाव.

भारतीय मानक ब्यूरोच्या यादीत नव्या फोनचं नाव आलं की ‘भारतात लवकरच’ अशी ओरड होते. त्या नोंदीत मॉडेल क्रमांक असतो, स्क्रीनचा आकार नसतो. चीनमध्ये फोनला सरकारी मान्यता देणाऱ्या टेनाच्या नोंदीत मात्र लांबी, रुंदी, जाडी आणि वजन मिळतं. अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसी, तिच्याकडच्या चाचणी-कागदांत बरेचदा फोनच्या अंगाचा पूर्ण कर्ण दिलेला असतो. तो स्क्रीनचा नव्हे, हे विसरलं की लोक भलताच आकडा पसरवतात. दुसरी गफलत चिनी आवृत्तीची. शाओमी १५ ची बॅटरी चीनमध्ये ५४०० एमएएच होती, बाहेर आली तेव्हा ५२४०. आणि ६.२७ नि ६.३ अशा दोन बातम्या दिसल्या तर त्यांत भांडण नाही. आयफोन १७ ची स्क्रीन मोजून ६.२७ इंच आहे, तिलाच ६.३ म्हणतात.

आता ‘मिनी पुन्हा काढतील का’ या तुझ्या प्रश्नाकडे. मला आशा नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटतं, कारण १३ मिनी हा हाताचा विचार करून केलेला फोन होता. २०२२ मध्ये १४ मालिकेत मिनीची जागा ६.७ इंची प्लसने घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये १३ मिनीची विक्री थांबली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.७ इंची आयफोन एसई गेला आणि त्या जागी ६.१ इंची १६ई आला. अँड्रॉइडमध्ये असुसचा झेनफोन ९ आणि १० हे ५.९ इंची होते, मग २०२४ मध्ये झेनफोन ११ अल्ट्रा थेट ६.७८ वर गेला. पेबल घड्याळांचे जनक एरिक मिगिकोव्हस्की यांनी २०२२ मध्ये सहा इंचांखालच्या अँड्रॉइडसाठी सह्यांची मोहीम काढली. असुसचे ते दोन सोडले तर त्यानंतरही मोठ्या कंपन्यांपैकी कोणी तसा वरच्या दर्जाचा फोन आणलेला नाही.

लोक म्हणतात, छोटं पॅनेल महाग पडतं. तसं नाही. पॅनेल मोठ्या काचेवर बनवून कापतात, आणि तुकडे छोटे असतील तर एका काचेतून जास्तच निघतात. खर्च होतो तो वेगळ्या अंगाचा: वेगळा सर्किट बोर्ड, वेगळी बॅटरी, कॅमेऱ्याची वेगळी मांडणी, साचे, चाचण्या. तेवढं करून फोन कमी खपला तर वसुली होत नाही. शिवाय चिप, मोडेम, कॅमेरा आणि स्पीकर यांना लागणारी जागा फोन छोटा झाला म्हणून कमी होत नाही. कात्री लागते ती उरलेल्या जागेला, म्हणजे बॅटरीला. ॲपलच्याच आकड्यांत १३ मिनीला व्हिडिओचे १७ तास, १३ ला १९ आणि १३ प्रो मॅक्सला २८. तुझी संध्याकाळची तक्रार त्या सतरात आहे, त्यात चार वर्षांची झीज मिळव.

सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्यांनी हे गणित थोडं हललं आहे. नेहमीच्या बॅटरीतल्या ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉन जास्त लिथियम धरतो, पण धरताना फुगतो, म्हणून त्याला कार्बनच्या जाळ्यात बसवतात. भारतात मिळणाऱ्या ६.३२ इंची वनप्लस १३एस मध्ये ५८५० एमएएच बसली ती यामुळे. पण तोही जवळपास ७२ मिमी रुंद आहे. आजच्या बाजारात ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे ७०-७२ मिमी, हे धरून चाल. सॅमसंग एस२६ ची स्क्रीन ६.२ वरून ६.३ होणार म्हणतात. त्याने घाबरू नकोस, कर्णात फरक अडीच मिलिमीटरचा. आयफोन १६ वरून १७ होताना स्क्रीन ६.१ ची ६.३ झाली, तरी अंगाची रुंदी ७१.६ ची ७१.५ राहिली. कडा पातळ केल्या आणि उंची दोन मिमी वाढवली, एवढंच. ही युक्ती आता फार दिवस चालणार नाही. काच चिकटवायला आणि पडल्यावर मार झेलायला थोडी कड लागतेच. यापुढे स्क्रीन वाढली की अंगही वाढेल.

मोठ्या स्क्रीनने तुला मिळेल काय, तेही मोजून सांगतो. मिनीच्या मानाने आयफोन १७ ची स्क्रीन क्षेत्रफळात सुमारे एक-तृतीयांश मोठी आहे. पण मजकूर एक-तृतीयांश जास्त दिसत नाही. आयओएस मिनीची स्क्रीन ३७५ बाय ८१२ पॉइंटांत (मजकूर मांडायच्या एककांत) मांडतं आणि १७ ची ४०२ बाय ८७४, म्हणून मजकूर जेमतेम १५ टक्के जास्त मावतो. उरलेली वाढ अक्षरं सात-आठ टक्के मोठी होण्यात जाते. मराठी वाचणाऱ्याला ती अक्षरांची वाढ जास्त मोलाची. देवनागरीत मात्रा, रफार, उकार आणि जोडाक्षरं वर-खाली जागा घेतात, आणि इंग्रजीला पुरतो त्या आकारात ‘ष्ट’ नि ‘ष्ठ’ वेगळे ओळखू येत नाहीत. टायपिंगचंही तसंच. ओळीत दहा कळा असतील तर मिनीवर एक कळ ५.८ मिमीची, १७ वर ६.७ ची. देवनागरी मांडणीत अकरा कळा झाल्या की मिनीवर ५.२ मिमी उरतात, आणि शेजारचं अक्षर उमटायला लागतं. काकांसाठी फोन बघतोयस ना, त्यांना मोठाच घे आणि सेटिंग्जमध्ये डिस्प्ले झूम ‘लार्जर टेक्स्ट’ वर ठेव. अँड्रॉइड घेतलास तर डिस्प्ले साइझ आणि फाँट साइझ दोन्ही एकेक पायरी वाढव. एकदम टोकाला नेलंस तर बँकेच्या ॲपमधली खालची बटणं स्क्रीनबाहेर जातात.

तुझ्यासाठी मी काय करीन ते सांगतो. आधी मिनीतच सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ उघड. मॅक्सिमम कपॅसिटी ८० टक्क्यांखाली असेल तर अधिकृत केंद्रातून बॅटरी बदलून घे. ही बॅटरी ५०० चार्ज-फेऱ्यांनंतर ८० टक्के राहावी अशाच हिशेबाने बनवलेली आहे, म्हणजे ती आता थकली असेल तर नवल नाही. गल्लीतली स्वस्त बॅटरी घालू नकोस: ‘अननोन पार्ट’ असा इशारा येतो, आणि उघडलेला फोन पुन्हा नीट डकवला नाही तर पाणीरोधक पट्टीही जाते. फोन अजून आयओएस २६ चालवतो, त्यामुळे बदललेल्या बॅटरीवर तो आणखी चालेल.

तोवर आकाराचा निकाल घरीच लाव. जाड पुठ्ठ्याचे १४९.६ बाय ७१.५ मिमीचे तुकडे काप आणि आठ मिमी जाडी होईपर्यंत एकावर एक चिकटव. वर कव्हर म्हणून वहीच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कडेने फिरव, ती विसरलास तर चाचणी फसवी निघेल. आयफोन १७ चं वजन १७७ ग्रॅम, तुझ्या मिनीचं १४१. दहाचं नाणं ७.७ ग्रॅमचं असतं, तेव्हा वजनाची सवय बघायला मिनीच्या पाठीला पाच नाणी टेपने चिकटवून दिवसभर वापर. पुठ्ठा मात्र खिशात ठेव: शर्टाच्या, पँटच्या, स्कूटरवर बसताना. उजव्या हातात धरून, करंगळीचा आधार खालून न देता, अंगठा डाव्या कडेच्या मध्यापर्यंत पोचतो का बघ. पोचला तर ७१-७२ मिमीचा कोणताही फोन तुला चालेल. मग दुसरा तुकडा ८० बाय १२० चा काप आणि तीच परीक्षा घे, म्हणजे घडीच्या फोनची वाट पाहायची की नाही ते आजच ठरेल.

दोऱ्याचं माप आणि बॅटरी हेल्थचा आकडा मला कळव. काकांना नमस्कार.

तुझा,
मिलिंद