जग्वारचा जबडा आणि गाळलेले दोन शब्द

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्जारकुळातल्या मोठ्या शिकाऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडीने वाचला. मात्र त्यातलं एक विधान आणि एक छायाचित्र खटकलं, म्हणून हे पत्र. 'जग्वारचा चावा वाघ-सिंहांपेक्षाही जबरदस्त असतो' असं लेखात ठामपणे म्हटलं आहे. हे वाक्य हल्ली जिथे तिथे वाचायला मिळतं आणि दर वेळी त्यातले 'वजनाच्या मानाने' हे दोन शब्द गाळलेले असतात.

२००५ साली स्टीफन रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवट्यांच्या मोजमापांवरून वेगवेगळ्या मांसाहारी प्राण्यांच्या चाव्याचा जोर काढला होता. सुळ्यांपाशी तो सिंहाचा १,७६८ न्यूटन, वाघाचा १,५२५ आणि जग्वारचा १,०१४ भरला. नुसता जोर पाहिला तर जग्वार या दोघांच्या मागेच आहे. शरीराचं वजन हिशेबात धरलं की मात्र क्रम पालटतो. त्या निर्देशांकात जग्वार १३७, वाघ १२७, सिंह ११२ आणि बिबट्या ९४ वर येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण वाचकाला त्या दोन्ही सांगायला हव्यात.

माझ्या मते या आकड्यांपेक्षाही मोलाची आहे ती जग्वारची मारण्याची पद्धत, आणि तिच्यावर लेखात एकच ओळ आहे. वाघ-सिंह मोठं जनावर पाडतात ते बहुधा नरडं धरून, श्वास कोंडून. त्याला वेळ लागतो. जग्वार अनेकदा थेट कवटीलाच हात घालतो. कॅपिबारा या मोठ्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या कानांजवळ सुळे रोवून तो हाड भेदतो आणि सुळे मेंदूपर्यंत पोचवतो. आखूड, रुंद तोंड आणि जाड सुळे यासाठीच कामी येतात. कासवाच्या कवचाचंही तेच. ते फोडून तो आतलं मांस पंजाने ओरपून काढतो.

दक्षिण अमेरिकेतल्या पँटानलच्या दलदलीतली एक चित्रफीत मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली आहे. वाळूवर केमन जातीची मगर ऊन खात पडलेली. जग्वार नदीतून येतो, पाण्याबाहेर फक्त डोकं. काठाला लागतो, अंग निथळत असतानाच पोट जमिनीला टेकवून मागून सरकतो आणि झेप घेतो. मगरीच्या जबड्याकडे तो जातच नाही. दात रोवतो ते डोक्याच्या मागे, मानगुटीवर. शेपटीचे दोन-तीन तडाखे बसतात, मग ती लुळी पडते. पुढचं दृश्य मला अधिक थक्क करतं : ते ओझं तोंडात धरून तो पुन्हा पाण्यात उतरतो आणि पोहत निघून जातो. बिबट्या शिकार झाडावर चढवतो याचं आपल्याला अप्रूप असतं आणि ते योग्यच आहे, पण हेही काही कमी नाही.

म्हणूनच 'वाघ की जग्वार, कोण जिंकेल?' ही लेखातली चौकट मला अनाठायी वाटली. जंगलात या दोघांची गाठच पडत नाही. वाघ आशियात, जग्वार मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत. ती जागा जग्वारच्या आजच्या अवस्थेला द्यायला हवी होती. उरुग्वे आणि एल साल्वादोरमधून तो नाहीसा झाला आहे. २०२० च्या वणव्यांत पँटानलचा फार मोठा भाग जळाला. अर्जेंटिनातल्या इबेरा पाणथळीतून तो काही दशकांपूर्वीच संपला होता. जानेवारी २०२१ मध्ये एक मादी आणि तिचे दोन बछडे तिथे पुन्हा सोडण्यात आले. ही बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

आता छायाचित्राबद्दल. लेखासोबत छापलेला प्राणी जग्वार नसून बिबट्या आहे. जग्वारच्या अंगावरचे गुलाबाकृती पुंजके मोठे असतात आणि त्यातल्या कित्येकांच्या आत काळे ठिपके दिसतात. बिबट्याचे पुंजके लहान, दाट आणि आतून मोकळे असतात. शिवाय जग्वारचं डोकं अधिक रुंद, छाती भरदार आणि पाय आखूड. दुरुस्ती छापाल तेव्हा खऱ्या जग्वारचं छायाचित्र द्यावं, जमल्यास पाण्यातलं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक