मनू, यंदा पुराला सांगलीत ये

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

कृष्णेच्या पुराच्या कॉम्प्युटर-मॉडेलवरच्या तुझ्या पीएचडीबद्दल रविवारी फोनवर तू विचारलंस त्याचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं नाही. एक तर बाबा मागून ‘जेवली का विचार तिला’ म्हणून ओरडत होते, आणि असलं काही मला लिहूनच नीट सांगता येतं.

सिव्हिलवाले विचारतात प्रयोग कुठाय, गणितवाले विचारतात सिद्धता कुठाय, कॉम्प्युटरवाल्यांना तुझ्या कोडमध्ये नवीन काही दिसत नाही. गाईड दोन, डिपार्टमेंटं दोन, आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षेला समोर बसणारे सगळे वेगवेगळ्या दिशांचे. ‘आई, मी नक्की कुणाची?’ म्हणालीस.

मला विचारशील तर तू कृष्णेची. कोयनेतून पाणी सुटलं, वारणेचं हरिपूरला येऊन मिळालं, तर सांगलीच्या आयर्विन पुलाशी पातळी कुठवर जाईल आणि कुठल्या गल्लीत पाणी कधी शिरेल, हे तुला सांगायचंय. त्यासाठी ज्या शास्त्राचं जे लागेल ते घ्यायचं, पण घेशील ते पुरतं घे. थोडं इकडचं, थोडं तिकडचं असं करून पीएचडी मिळेलही, काम येणार नाही.

म्हणून तो मशीन लर्निंगचा तिसरा कोर्स घेऊ नकोस. दोन झालेत, पुष्कळ झाले. त्याऐवजी गणित विभागात पीडीईच्या, म्हणजे वाहत्या पाण्यासारख्या गोष्टींच्या समीकरणांच्या, न्यूमरिकल मेथड्सचा (ती कॉम्प्युटरवर आकड्यांनी सोडवायच्या पद्धतींचा) जो कोर्स आहे, ज्याला तू घाबरतेस, तो घे. बी मिळाला तरी घे. कूराँ, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ सालीच, म्हणजे आजच्यासारखे कॉम्प्युटर नव्हते तेव्हा, दाखवून ठेवलंय की तू वापरतेस तसल्या पद्धतीत एका टाइम-स्टेपमध्ये, म्हणजे हिशेबाच्या वेळेच्या एका टप्प्यात, लाट नकाशावरच्या जाळीच्या एका खणापेक्षा पुढे जाऊ दिली तर उत्तर फुटतं, आकडे वेड्यासारखे वाढत जातात. ही अट तुझं सॉफ्टवेअर आपोआप पाळतं, म्हणून तू तिचा विचार करत नाहीस. पण खणाची बाजू निम्मी केली की खण चौपट, टाइम-स्टेप निम्मी, काम आठपट. तुमच्या क्लस्टरवर, त्या सगळ्यांच्या सामाईक कॉम्प्युटरांवर, तुझा जॉब तीन-तीन दिवस रांगेत का पडतो, त्याचं अर्धं उत्तर त्या अटीत आहे.

नॉर्वेचा स्लाइपनर प्लॅटफॉर्म तुला माहीत असेल, नसेल तर वाच. समुद्रातल्या गॅससाठी बांधलेला अवाढव्य काँक्रीटचा तळ, २३ ऑगस्ट १९९१ ला चाचणी चालू असताना फियोर्डमध्ये बुडाला. सुमारे ७० कोटी डॉलर पाण्यात. फायनाइट एलिमेंटचं (बांधकामाचे लहान तुकडे करून त्यांवरचा ताण काढणारं) सॉफ्टवेअर नावाजलेलं होतं, समीकरणं बरोबर होती. पण जिथे भिंती एकमेकींना मिळतात त्या कोपऱ्यांत जाळी ढोबळ आणि वेडीवाकडी घेतली गेली, आणि शिअर स्ट्रेस, म्हणजे भिंतीला कातरू पाहणारा ताण, ४७ टक्क्यांनी कमी निघाला. त्या आकड्यावरून भिंतीची जाडी आणि सळया ठरल्या. दुर्घटनेनंतर काळजीपूर्वक विश्लेषण केलं तेव्हा उत्तर आलं की भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल. प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली होती! म्हणजे गणिताला सगळं ठाऊक होतं, त्याला नीट विचारलं गेलं नाही. तुझ्या मॉडेलमध्ये पुलाच्या खांबांभोवती जाळी किती बारीक आहे, आणि ती आणखी बारीक केली तर उत्तर हलतं का? हे मला आकड्यांत कळव. ‘ठीक आहे’ असं कळवू नकोस.

आता माझ्या कामाचं थोडं. खडकवासल्याचं आमचं ते पाण्यावरचं संशोधन केंद्र १९१६ पासूनचं, आणि तिथे आम्ही नदी अंगणात बांधायचो हे तू लहानपणी पाहिलंयस. १:१०० चं, म्हणजे खऱ्या नदीहून शंभरपट लहान, मॉडेल घेतलं की वेळ दहापट आखडते, तासाचा पूर सहा मिनिटांत संपतो, आणि विसर्ग लाख पटींनी कमी सोडावा लागतो. पातळी मोजायला पॉइंट गेज. सुई हळूहळू खाली आणायची, तिचं टोक आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब एकमेकांना टेकलं की थांबायचं आणि व्हर्नियर, म्हणजे त्यावरची बारीक मोजपट्टी, वाचायची. इथे एक मिलिमीटर चुकला की खऱ्या नदीत दहा सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या घराचा उंबरा. पण सगळं काही प्रमाणात लहान होत नाही. पाण्याचा पृष्ठताण तोच राहतो. वाळू शंभरपट बारीक करायला गेलं तर ती वाळू राहतच नाही, गाळ होऊन चिकटून बसते, म्हणून कोळशाचा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा वापरतात. मॉडेल कुठे खोटं बोलतंय हे आम्हाला डोळ्यांनी दिसायचं. तुझं खोटं रंगीत नकाशाखाली झाकलं जातं, आणि ते रंग फार गोड असतात गं.

तुझं सगळ्यात मोठं झाकण म्हणजे मॅनिंगचा ‘एन’, जमीन पाण्याला किती अडवते तो खडबडीतपणाचा आकडा. निरीक्षणाशी जुळेपर्यंत तू तो फिरवतेस. फिरव, सगळेच फिरवतात. पण नदीकाठी मैलोन्‌मैल ऊस आहे, आणि ऑगस्टात तो डोक्याच्या वर गेलेला असतो. त्यातून पाणी कसं सरकतं ते पुस्तकातल्या तक्त्यावरून घेऊ नकोस. शिवाय तुझ्या मॉडेलमधली जमिनीची उंची एसआरटीएमची, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेली. रडारच्या लहरी झाडांच्या, उभ्या पिकाच्या शेंड्यांकडूनही परततात. म्हणजे काही ठिकाणी तू जमीन समजून उसावरच पूर सोडला असशील. हे तपासलंस का?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची कॉम्प्युटेशनल सायन्सची एक डॉक्टरेट फेलोशिप १९९१ पासून चालू आहे. तिच्यात विद्यार्थ्याने आपला मूळ विषय, गणित आणि कॉम्प्युटर सायन्स या तिन्हींत कोर्स करायचेच, आणि वर १२ आठवडे एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जाऊन, आपल्या प्रबंधाशी संबंध नसलेल्या माणसांत काम करायचं. मला ही अट फार आवडली. आपल्याकडे सक्ती नसेल तर तू स्वतःवर कर.

यंदा ऑगस्टात सांगलीला ये. मामाचं घर आहेच. पाऊस लागला की अख्खं शहर एकमेकांना एकच विचारतं, ‘आयर्विनला किती झालं?’ पुलाच्या पट्टीवर ४० फूट इशारा, ४५ धोका, आणि २०१९ साली ते ५७ च्या वर गेलं होतं. सूर्यवंशी प्लॉटात, कर्नाळ रोडला राहणाऱ्यांना पट्टीवरच्या कुठल्या आकड्याला आपल्या दारात पाणी येतं ते पाठ असतं. तो हिशेब घरोघर जाऊन लिहून घे, तारीख आणि वेळेसकट. २०१९ चे आणि २०२१ चे डाग अजून भिंतींवर असतील, त्यांची उंची मोज, पण नुसती टेपने जमिनीपासून नाही, लेव्हल (उंची जुळवायचं सर्व्हेचं यंत्र) लावून. तुझ्या मॉडेलचा निकाल त्याच्याशेजारी ठेव. मग समोर कोण कुठल्या डिपार्टमेंटचा बसलाय याची तुला फारशी काळजी राहणार नाही असं वाटतं. आणि काही न जुळलं तर तेही प्रबंधात घाल, एक अख्खं प्रकरण त्यावर कर.

गाईडना विचारून तारखा कळव. सिव्हिलवाल्या सरांना आधी विचार, ते हो म्हणतील, मग मॅडमना नाही म्हणणं जड जाईल. लेव्हलचं यंत्र मी इथल्या ओळखीत मागून ठेवते, तिकडून आणू नकोस. मामाला कळवलंय, मामी आत्ताच भडंगाचं ठरवून बसलीय. गमबूट मात्र तुझ्या मापाचे तूच घेऊन ये.

तुझी,
आई