ती गूढ चिन्हे नाहीत, ते नकाशे आहेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत प्राचीन इजिप्तच्या देवळांवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती, पण भिंतींवरच्या लिपीला लेखात पुन्हा पुन्हा ‘गूढ चिन्हे’ म्हटले आहे, ते मनाला लागले. आर्किटेक्टच्या कचेरीत टी-स्क्वेअर धरण्यात माझा जन्म गेला. त्या लिपीतली घराची खूण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती ओळखीचीच वाटली.

एक आडवा आयत, खालच्या भिंतीत मधोमध सोडलेली फट. फट म्हणजे दार. आम्हीही प्लॅनमध्ये दाराच्या जागी भिंतीची रेघ तोडतो. या खुणेचा उच्चार ‘पेर’ असा करतात (स्वर लिहायची पद्धत नव्हती, त्यामुळे ‘ए’ अभ्यासकांच्या सोयीचा). खाली एक उभी रेघ ओढली की अर्थ ‘घर’. तीच खूण चालत्या पायांच्या जोडीबरोबर आली की ‘बाहेर पडणे’, कारण त्या क्रियापदातही ‘प’ आणि ‘र’च आहेत. दाराची कडी तर चक्क ‘स’ या ध्वनीसाठी वापरत. युरोपातले विद्वान शतकानुशतके या चित्रांत गहन तत्त्वज्ञान शोधत बसले आणि फसले. 1822 मध्ये शाम्पोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाने यातली बरीच चित्रे ध्वनी दाखवतात हे सिद्ध केले, तेव्हा कुठे लिपी वाचता आली. दोनशे वर्षांनी आपण पुन्हा ‘गूढ’वर का यावे?

घर वरून दाखवले आहे, पण जिना बाजूने आणि खांब समोरून. जी वस्तू जिकडून चटकन ओळखू येते, तिकडून ती काढायची. ‘कोसळणे’ अशा अर्थाच्या शब्दापुढे तर कललेली, पडायला आलेली भिंत काढत. इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयात चौथा रामसेस या इजिप्तच्या राजाच्या थडग्याचा, पपायरसवरचा (त्याच नावाच्या पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावरचा) नकाशा आहे. त्यात दालने वरून दाखवली आहेत, दारे मात्र समोरून, आणि जागोजागी हातांत मोजलेली मापे लिहिली आहेत. मला तर तो नकाशा सहकाऱ्याच्या हातचाच वाटतो.

‘पेर-आ’ म्हणजे मोठे घर, राजवाडा. पुढे तो शब्द राजालाच लागला, त्याचाच ‘फॅरो’ झाला. ‘वाड्यावरून निरोप आलाय’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. मोठ्या वास्तूसाठी ‘हुत’ ही दुसरी खूण, कोपऱ्यात छोटा चौकोन असलेला आयत. त्याच्या आत ससाणा, म्हणजे होरस देव, बसवला की हॅथोर देवीचे नाव, ‘होरसचे घर’. नेफ्थिस देवीच्या डोक्यावर हीच वास्तू आणि वर टोपली असते. तो मुकुट नाही, ते तिचे नाव आहे: ‘नेबेत-हुत’, वाड्याची धनीण. मेम्फिस या जुन्या राजधानीतल्या प्ताह देवाच्या देवळाचे नाव होते ‘हुत-का-प्ताह’. ग्रीकांच्या तोंडी त्याचे ‘ऐगुप्तोस’ झाले आणि त्यातून आपण म्हणतो तो ‘इजिप्त’ आला.

प्रतीके नव्हतीच, असे मी म्हणत नाही. इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळाच्या सभामंडपात 134 खांब आहेत. मधल्या 12 उंच खांबांच्या माथ्यावर उमललेला पपायरस, बाकीच्या 122 वर मिटलेल्या कळ्या. जगाच्या आरंभीची दलदल त्यांनी दगडात उभी केली. देवळाच्या दाराशी दोन बुरूज आणि मध्ये खाच. दोन डोंगरांमधून उगवत्या सूर्याची ‘आखेत’ ही खूण तशीच दिसते. पण हे कळायला आधी ती खूण वाचता यावी लागते.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी असे छायाचित्र छापाल तेव्हा त्यातली एक तरी खूण शेजारी मोठी करून तिचे वाचन द्यावे. सुरुवात ‘पेर’पासून करावी, दुसरीतल्या मुलालाही ती पट्टीने काढता येईल.

आपला,
एक निवृत्त आरेखक, सांगली